सही नको, प्रश्न पाठव!

मुलांनो, एखादा मोठा माणूस गावात आला की आपण काय करतो? वही पुढे करतो आणि सही मागतो. सही मिळाली की वही मिटायची नि घरी पळायचं. दुसऱ्या दिवशी ती वही वर्गभर फिरते. चार दिवस मिरवते. मग कपाटाच्या खालच्या कप्प्यात जाऊन पडते ती पडतेच!

एका शास्त्रज्ञांपुढे मात्र अशी वही धरली, तर ते सही द्यायचे नाहीत. रागावून नव्हे हं, अगदी हसून. ते सांगायचे, की मला एक पोस्टकार्ड पाठव. त्यावर विज्ञानातला तुला पडलेला एक प्रश्न लिही. मी उत्तर लिहीन, आणि उत्तराखाली माझी सही असेलच की!

आहे की नाही गंमत? सही मागायला दोन सेकंद लागतात. प्रश्न काढायला मात्र डोकं खाजवावं लागतं. घरी जायचं, विचार करायचा, कार्ड आणायचं, पत्ता नीट लिहायचा, टपालपेटीत टाकायचं आणि मग वाट बघायची. वरणगावच्या पेटीत टाकलेलं कार्ड भुसावळमार्गे पुण्याला जाणार, तिथं ते वाचलं जाणार, आणि उत्तर पुन्हा त्याच रस्त्यानं उलटं येणार. तोवर पोस्टमनकाकांना रोज विचारायचं, "माझं काही आलंय का?" ज्यांनी खरंच प्रश्न पाठवले, त्यांना उत्तरं मिळाली. देशभरातल्या कितीतरी मुलांनी ती कार्डं जपून ठेवली आहेत.

हे शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर. २० मे २०२५ रोजी पुण्यात, वयाच्या ८६व्या वर्षी त्यांचं निधन झालं. वर्तमानपत्रांनी त्यांच्या पदव्या आणि पुरस्कार रकानेच्या रकाने छापले. छापायलाच हवेत. पण इतकी मोठमोठी नावं एका दमात वाचली की माणूस उंच चौथऱ्यावर जाऊन बसतो आणि आपल्याला खालून नुसता त्याचा अंगठा दिसतो. म्हणून आज आपण घरातले नारळीकर पाहू या. कुणाचा तरी भाचा, कुणाचा नवरा, तीन मुलींचे बाबा, आणि गालातल्या गालात हसत मस्करी करणारा गृहस्थ.

फळ्यावरचं आव्हान

जयंताचा जन्म १९ जुलै १९३८चा, कोल्हापूरचा. वाढला मात्र तो काशीला. वडील विष्णू वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. आई सुमतीबाई संस्कृत जाणणाऱ्या. विद्यापीठाच्या आवारातलं घर, घरात मराठी, शाळेत हिंदी आणि कपाटात इंग्रजी पुस्तकं. जयंत आणि त्याचा धाकटा भाऊ अनंत, दोघंही तीन भाषांत लहानाचे मोठे झाले. (काशीची गाडी भुसावळवरून जाते, हे वरणगावच्या मुलांना वेगळं सांगायला नको!)

वडिलांनी मुलांसाठी घरात भिंतीवर फळे बसवून घेतले होते. हवं ते लिहा, हवं ते खरडा. तुमच्या घरी भिंतीवर खडूनं लिहिलंत तर काय होईल, ते मी विचारत नाही!

अशा या घरी जयंताचे मामा राहायला आले. मोरेश्वर हुजूरबाजार त्यांचं नाव. मुलांचे ते मोरूमामा. गणितात एम. एस्सी. करायला आले होते. भाच्याला गणित आवडतं, हे त्यांच्या लक्षात आलं. मग काय? एके दिवशी जयंत पाहतो तो फळ्यावर मोठ्या अक्षरात मथळा, 'जे. व्ही. एन.साठी आव्हान'! जे. व्ही. एन. म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. मथळ्याखाली गणिताचं एक कोडं.

ते कोडं शाळेच्या पुस्तकातलं नसे. सूत्र घातलं आणि उत्तर काढलं, असं त्यात चालत नसे. आणि मोरूमामांची अट मोठी खट्याळ होती. कोडं सुटेपर्यंत ते फळ्यावर तसंच राहायचं. नाहीतर जयंतानं येऊन कबूल करायचं, की मामा, हरलो, सांगा उत्तर. जेवताना समोर फळा, खेळून आलं की फळा, सकाळी दात घासताना फळा! मग भाचाही हट्टाला पेटायचा. बहुतेक वेळा कोडं तो सोडवायचाच. ते सुटलं की फळा पुसला जायचा आणि नवं आव्हान हजर.

नारळीकरांनी पुढे आपल्या आठवणींत मोरूमामांचं हे ऋण आवर्जून सांगितलं आहे. मला स्वतःला त्यांच्या सगळ्या चरित्रात हा फळा सर्वांत जास्त आवडतो. मामानं शिकवणी घेतली नाही, मार्कांचं विचारलं नाही, नुसती चिडवाचिडवी केली. पालकांनो, हे वाक्य तुमच्यासाठीही आहे बरं का!

या फळ्यापुढे उभा राहिलेला मुलगा १९५७ साली बी. एस्सी. होऊन बोटीनं इंग्लंडला गेला. केंब्रिजला. १९५९ साली तिथल्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत तो पहिला आला. असं पहिलं येणाऱ्याला 'सीनियर रँग्लर' म्हणतात. आपल्याकडे हा मान सर्वांत आधी मिळवला तो रँग्लर परांजपे यांनी, १८९९ साली.

तापीचं पाणी आणि आकाश

केंब्रिजमध्ये जयंतला गुरू भेटले फ्रेड हॉयल. हे हॉयल म्हणजे भारी वल्ली. विज्ञानकथा लिहायचे, डोंगर चढायचे आणि सगळं जग एका बाजूला असलं तरी आपलं म्हणणं ठणकावून सांगायचे.

भांडण काय होतं, ते थोडक्यात पाहू. आकाशगंगा एकमेकींपासून दूर दूर चालल्या आहेत, हे तेव्हा माहीत झालेलं होतं. म्हणजे पूर्वी त्या जवळ असणार. त्याहून पूर्वी आणखी जवळ. असं मागं मागं गेलं तर एका क्षणी सगळं विश्व एकवटलेलं असणार, आणि तिथून ते स्फोटासारखं पसरलं असणार. याला म्हणतात 'महास्फोट'. इंग्रजीत बिग बँग. गंमत म्हणजे हे नाव १९४९ साली रेडिओवरच्या भाषणात कुणी ठेवलं माहीत आहे? खुद्द हॉयल यांनी. त्यांना ही कल्पना मुळीच पटत नव्हती. पण त्यांनी दिलेलं नावच जगभर चिकटलं!

मग हॉयल यांचं म्हणणं काय होतं? आपल्या तापीचं उदाहरण घेऊ. पुलावर उभं राहून पाहिलं तर पाणी सारखं पुढं चाललेलं असतं. पण मागून नवं पाणी येत असतं. म्हणून नदी काल होती तशीच आज दिसते. विश्वही तसंच आहे, असं हॉयल म्हणत. आकाशगंगा दूर जातात, पण मधल्या जागेत हळूहळू नवा पदार्थ तयार होत राहतो. त्यामुळे विश्व नेहमी सारखंच दिसतं. त्याला सुरुवात नाही आणि शेवटही नाही. याला 'स्थिर स्थिती सिद्धांत' म्हणतात.

१९६१ साली फेब्रुवारी महिन्यात मार्टिन राईल नावाच्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की माझ्या रेडिओ-दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून हॉयल यांचा सिद्धांत चूक ठरतो. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत यावर चर्चा ठेवली गेली. हॉयल यांना नेमकं त्या दिवशी दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी कुणाला पाठवावं? आपल्या विद्यार्थ्याला! बावीस वर्षांचा जयंत, संशोधनाला लागून वर्षही पुरतं झालेलं नाही, आणि समोर सगळे दाढीमिशीवाले दिग्गज. पोटात गोळा आला असेल की नाही? पण गुरूनं सांगितलं होतं, की आकडेमोड बरोबर असेल तर घाबरायचं कारण नाही. जयंत गेला आणि शांतपणे आपली बाजू मांडून आला.

पुढे १९६४ साली हॉयल आणि नारळीकर यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत मांडला. त्यातला एक किस्सा मोठा मजेशीर आहे. केंब्रिजमध्ये नारळीकरांच्या जवळच्याच खोलीत स्टीफन हॉकिंग नावाचा विद्यार्थी बसायचा. त्याला नारळीकरांच्या आकडेमोडीत रस. नारळीकरांनी मोकळेपणानं त्याला सगळं दाखवलं. हॉयल यांनी लंडनला रॉयल सोसायटीत हा सिद्धांत जाहीर केला, आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी हाच हॉकिंग उभा राहिला! तुमच्या गणितातली एक राशी अनंत होते, असं त्यानं सरळ सांगून टाकलं. हॉयल संतापले. आणि नारळीकर? दुसरा कुणी असता तर त्यानं हॉकिंगशी जन्मभर अबोला धरला असता. नारळीकरांनी मैत्री ठेवली. गणित दाखवायचं ते चुका सापडाव्यात म्हणूनच ना!

इकडे भारतात या सिद्धांताची बातमी आली आणि देश आनंदानं वेडा झाला. १९६५ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व बाजूंनी येणारे मंद सूक्ष्मलहरींचे संदेश सापडल्याचं जाहीर झालं. महास्फोटाची ती जणू उरलेली धग. बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले, आणि आजही तिकडेच आहेत. नारळीकर गेले नाहीत. १९९३ साली हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत त्यांनी आपला सिद्धांत सुधारून पुन्हा मांडला. तो फारसा कुणी स्वीकारला नाही. मग ते हट्टी होते का? मला तसं वाटत नाही. ते सांगत, की पुरावे तपासा, प्रश्न विचारा, नुसतं सगळे म्हणतात म्हणून मान डोलवू नका. आणि हे ते चिडून सांगत नसत. चाळीस वर्षं बहुमताच्या विरुद्ध उभं राहून ज्याच्या कपाळावर आठी पडत नाही, अशी माणसं विरळाच.

हे ना. वि. जगताप कोण?

१९७२ साली नारळीकर भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. केंब्रिजला नोकरी होती, नाव होतं. तरी आले.

एकदा अहमदाबादला एक परिषद चालू होती. कुणाचं तरी भाषण चाललेलं, आणि ते असं काही रटाळ की विचारू नका. तुम्ही अशा वेळी बाकाखाली फुल्ली-गोळा खेळता ना? नारळीकरांनी परिषदेत मिळालेला लिहायचा कागद पुढं ओढला आणि चक्क गोष्ट लिहायला घेतली. ती त्यांची पहिली विज्ञानकथा!

आता ती पाठवायची कुठं? मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. पण पाकिटावर 'जयंत नारळीकर' असं नाव असतं तर परीक्षकांनी गोष्ट वाचण्याआधीच मान तुकवली असती. मग त्यांनी काय शक्कल काढली पाहा. आपली आद्याक्षरं ज. वि. ना. ती उलटी केली. झालं ना. वि. ज. म्हणजे 'नारायण विनायक जगताप'! तरीही अक्षरावरून ओळखलं तर? म्हणून सगळी गोष्ट पत्नीकडून तिच्या अक्षरात उतरवून घेतली. बक्षीस जाहीर झालं, 'कृष्णविवर' या कथेला पहिला क्रमांक, लेखक नारायण विनायक जगताप! हे साल १९७४.

असा खोडकरपणा करायला मन लहान मुलाचं लागतं. आणि आपली परीक्षा नावाशिवाय व्हावी, असं वाटायला मोठ्या माणसाचं. त्यानंतर 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस' अशी पुस्तकं आली. डाव्याचं उजवं झालं तर काय होईल, असा साधा प्रश्न घेऊन ते 'उजव्या सोंडेचा गणपती' नावाची गोष्ट रचतात. सुटीत मिळवून वाचाच. पुढे 'चार नगरांतले माझे विश्व' या त्यांच्या आत्मचरित्राला २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ही चार नगरं म्हणजे बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. २०२१ साली नाशिकला झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पण तब्येत साथ देत नव्हती, त्यामुळे त्यांना तिथं जाता आलं नाही.

लीलावतीचं घर

ज्या हातानं ती गोष्ट उतरवली, त्या हाताची ओळख आता करून घेऊ. मंगलाताई, माहेरच्या राजवाडे. त्या मुंबई विद्यापीठाच्या गणितातल्या एम. ए.ला पहिल्या आलेल्या, सुवर्णपदक मिळवलेल्या. १९६६ साली दोघांचं लग्न झालं आणि त्या केंब्रिजला गेल्या. तिथं त्यांनी विद्यार्थ्यांना गणित शिकवलं. मग गीता, गिरिजा आणि लीलावती या तीन मुली झाल्या.

लीलावती! हे नाव वाचून जळगाव जिल्ह्यातल्या मुलांच्या डोक्यात दिवा पेटला पाहिजे. चाळीसगावजवळ पाटणादेवी आहे ना, तिथं एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला, असं त्यात लिहिलं आहे. साल १२०७. भास्कराचार्यांचं 'लीलावती' हे गणिताचं पुस्तक तर आठशे वर्षांहून जुनं. त्यातली गणितं एका मुलीला उद्देशून घातलेली आहेत, आणि त्यांत भुंगे, हंस, मोर, साप सगळे हजर असतात. गणितज्ञाच्या घरातलं हसतंखेळतं गणित खानदेशाला नवं नाही.

नारळीकरांच्या घरातही आई-बाबा दोघं गणितवाले. पण इथं एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे. बाबांचं संशोधन अखंड चाललं. आईचं मात्र थांबत, पुन्हा सुरू होत चाललं. तीन मुली, सासू-सासरे, येणारे-जाणारे, हे सगळं बघत मंगलाताईंनी पीएच. डी. पूर्ण केली ती १९८१ साली, लग्नानंतर पंधरा वर्षांनी. २००८ साली भारतीय विज्ञान अकादमीनं स्त्री शास्त्रज्ञांच्या आठवणींचं एक पुस्तक काढलं. त्याचं नावच 'लीलावतीज डॉटर्स', म्हणजे लीलावतीच्या लेकी. त्यात मंगलाताईंनी मोकळेपणानं लिहिलं आहे, की आमच्या पिढीच्या शिकलेल्या बायकांना घर आधी आणि स्वतःचं काम नंतर, असंच शिकवलेलं होतं. तक्रारीचा सूर नाही. पण वाचून आपण गप्प होतो. चांगल्या, हसऱ्या, प्रेमळ बाबांच्या घरातही कुणाला तरी आपली वही बाजूला ठेवावी लागते, हे मुलांनो, तुम्ही आपापल्या घरातही जरा डोळे उघडून पाहा.

मंगलाताई नुसत्या 'नारळीकरांच्या पत्नी' नव्हत्या, हे मात्र ठणकावून सांगायला हवं. 'गणितगप्पा' हे त्यांचं पुस्तक मुलांसाठीच आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'ला 'वीस एक' असं वाचायचा पर्याय आला आणि केवढा गदारोळ झाला! विनोद झाले, विधानसभेत टिंगल झाली. त्या समितीच्या अध्यक्षा मंगलाताई होत्या. लहान मुलांना त्र्याण्णव म्हणजे आधी नऊ लिहायचा की तीन, हे कळायला जड जातं, म्हणून तो पर्याय होता. त्यांनी न चिडता सगळ्यांना समजावून सांगितलं. घराण्याची रीतच ती!

दोघांनी मिळून 'नभात हसरे तारे' नावाचं पुस्तकही लिहिलं. थोरली गीता पुढे अमेरिकेत जीवरसायनशास्त्राची प्राध्यापक झाली, तर धाकट्या दोघी संगणकशास्त्रात गेल्या. १७ जुलै २०२३ रोजी मंगलाताई गेल्या. सत्तावन्न वर्षांची सोबत सुटली. त्यानंतर दोन वर्षं पुरी व्हायच्या आत जयंतराव गेले.

छापा की काटा?

१९८८ साली पुण्यात, विद्यापीठाच्या आवारात, नारळीकरांनी 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. २००३पर्यंत ते तिचे संचालक होते. देशभरातल्या विद्यापीठांतल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना तिथं येऊन काम करता यावं, ही त्यामागची कल्पना. इमारत चार्ल्स कोरिया यांनी रचलेली. चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे. शाळेतल्या मुलांसाठी शनिवारी व्याख्यानं व्हायची आणि सभागृह ओसंडून वाहायचं. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, दारं सगळ्यांना खुली. मग प्रश्नांचा भडिमार, आणि समोर उत्तरं द्यायला स्वतः नारळीकर.

पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून तिथं मुलांसाठी विज्ञानाचं एक केंद्रही झालं. त्या इमारतीचं नाव 'पुलस्त्य'. का, सांगा पाहू? पुलस्त्य हा सप्तर्षींतला एक तारा, पतंगाच्या चौकोनातला. आणि नावाच्या सुरुवातीलाच कोण बसलंय? पु आणि ल! अरविंद गुप्ता यांनी कित्येक वर्षं याच केंद्रात आगपेट्या, काड्या आणि सायकलच्या ट्यूबपासून खेळणी करून दाखवली.

नारळीकरांची आणखी एक गंमत सांगायलाच हवी. ज्योतिष खरं की खोटं, यावर आपल्याकडे नुसती भांडणं होतात. नारळीकर म्हणाले, भांडता कशाला, तपासून पाहू. २००८ साली त्यांनी नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग केला. शाळेतल्या शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा घेऊन दोनशे कुंडल्या तयार केल्या आणि त्या एकत्र मिसळल्या. ज्योतिष्यांना जाहीर आवाहन केलं, की प्रत्येकी चाळीस कुंडल्या पाहा आणि हुशार मुलाची कुठली, ते ओळखा. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. सरासरी किती बरोबर आली? शंभरात सेहेचाळीस!

आता तुम्ही खिशातून रुपया काढा. छापा पडला तर हुशार, काटा पडला तर नाही, असं म्हणून चाळीस वेळा उडवा. साधारण निम्मी उत्तरं बरोबर येतीलच. म्हणजे रुपया जरासा पुढेच! नारळीकरांनी कुणाला शिव्या दिल्या नाहीत की कुणाची टर उडवली नाही. आकडे मांडले आणि थांबले. त्या आकड्यांनीच काय हसायचं ते हसून घेतलं.

आणि गुरूला ते विसरले नाहीत. पृथ्वीवर जीवन बाहेरून, अंतराळातून आलं असेल का, हा हॉयल यांचा आवडता प्रश्न. ते तपासायला नारळीकरांनी शास्त्रज्ञांचा गट जमवला. जानेवारी २००१मध्ये आणि पुन्हा २००५ साली हैदराबादहून प्रचंड फुगे सोडले गेले. एकेचाळीस किलोमीटर उंचीपर्यंत हवेचे नमुने गोळा झाले आणि त्यांत सूक्ष्मजीव सापडले. २००९ साली इस्रोनं जाहीर केलं, की त्यांतल्या तीन जाती अगदी नव्या आहेत. ते जिवाणू अंतराळातूनच आले, असं मात्र कुणी ठामपणे म्हटलं नाही. पुरावा तेवढा नव्हता. पण एका जातीचं नाव ठेवलं गेलं 'जॅनिबॅक्टर हॉयली'. हॉयल २००१च्या ऑगस्टमध्ये वारले होते. कुणाच्या नावानं रस्ता होतो, कुणाच्या नावानं चौक होतो, यांच्या नावानं जिवाणू झाला!

तर आता फळा घ्या. घरी फळा नसेल तर पाटी चालेल, तीही नसेल तर वहीचं मागचं पान. आपल्या भागातलंच कोडं आहे. केळीचे नऊ घड दिसायला हुबेहूब सारखे. त्यांतले आठ वजनालाही सारखे आणि एक मात्र हलका. (नऊ घड सारखे भरतातच कसे, असं शेतावरचे काका विचारतील. त्यांना म्हणावं, कोड्यात भरतात!) दोन पारड्यांचा तराजू आहे, पण वजनं नाहीत. तराजू दोनदाच वापरायचा आणि हलका घड शोधून काढायचा.

उत्तर खाली उलटं छापलेलं नाही. मोरूमामाही लगेच सांगायचे नाहीत!